पावसाळ्याची वाट न बघता: माहुली, गोरखगड, नाणेघाट

शहापूर तालुक्यातल्या माहुली किल्ल्यावर मी याआधी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा जुलैत. वर पोहोचल्याचा पुरावा काय, तर भिजलेले मोजे आणि धुक्यात पुढच्या माणसाचा पिवळा रेनकोट. किल्ला कसा आहे असं कुणी विचारलं असतं तर ‘पांढरा’ एवढंच सांगता आलं असतं. म्हणून या वर्षी ठरवलं, आपल्याच जिल्ह्यातले डोंगर एकदा कोरडे बघायचे. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, गुरुवार ते रविवार, आणि रोज रात्री झोपायला ठाण्यात घरी.

जोडीला भाचा. तो ऐरोलीला राहतो, महाप्याला दिवसभर खुर्चीत बसून काम करतो आणि त्याच्या पावलांची काळजी त्याच्यापेक्षा त्याच्या मनगटावरच्या घड्याळाला जास्त आहे.

“मावशी, या दिवसांत डोंगरावर बघायचं काय? सगळं वाळून गेलेलं असतं.”

“तेच बघायचंय,” म्हटलं.

पहिला दिवस: माहुली

पहाटेची कसारा लोकल, आसनगाव, तिथून रिक्षाने माहुली गाव. इतकं सरळ झालं की त्यात सांगण्यासारखं काही नाही. गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळापाशी पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि चक्क थंडी वाजत होती. हा परिसर तानसा अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या चौकीवर नाव लिहून, पैसे भरून पावती घ्यायची. गावातला एक मुलगा वाट दाखवायला बरोबर घेतला. भाच्याचं म्हणणं होतं की मोबाइलमध्ये वाट आहे. मुलगा म्हणाला, “मोबाइलमदी ढोरवाटा पण हायेत काय?” पुढे तासाभरात तीन ठिकाणी वाट फुटली आणि प्रत्येक वेळी मोबाइलने ढोरवाटच दाखवली.

कोरड्या जंगलाला आवाज असतो हे मी विसरले होते. सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. पावसाळ्यात आपण गुपचूप चालतो, आता मात्र एक सरडा पळाला तरी रेडा उधळल्यासारखं वाटतं. एके ठिकाणी पूर्ण निष्पर्ण काटेसावर लाल फुलांनी लगडली होती आणि तिच्यावर कोतवाल, साळुंक्या, बुलबुल यांची अशी भांडणं चालली होती की दादर स्टेशन बरं. फुलं टपाटप खाली पडत होती. मुलाने एक उचलून आतलं पाणी चोखलं. मीही चोखलं. गोडसर, किंचित तुरट. भाच्याने आधी फोटो काढला, मग फुलात मुंगळा निघाला आणि त्याचा बेत रद्द झाला.

सोंडेवरची चढण सुरू झाली आणि घसारा लागला. या दिवसांतला खरा शत्रू ऊन नाही, घसारा. सुटी मुरमाड माती, वर वाळकं गवत आणि त्याच्यावर पानांचा थर. पाऊल टाकलं की ते आपलं राहत नाही. मी दोनदा बसले, भाचा चारदा. याच टप्प्यावर वरून एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन, पायात साध्या स्लिपर, आमच्या बाजूने तरातरा उतरली. थांबली, मोळी झाडाच्या बेचक्याला टेकवली. भाचा घटाघटा पाणी पीत होता, त्याच्याकडे बघून म्हणाली, “चढताना एवढं पानी नको पिऊ रे बाबा. घोटभर घे, तोंडात फिरव, मग गिळ. सगळं आत्ताच संपवशील, उतरताना काय करशील?” आणि गेली. भाच्याने घड्याळात बघितलं. साडेआठ वाजले होते आणि त्याच्या दोन लिटरमधलं एक लिटर संपलं होतं.

अडीच तासांत लोखंडी शिडी आली. शिडी चढली की समोरच कातळात खोदलेलं टाकं. जुलैत मी याच टाक्याच्या काठावर उभी राहून बिस्किटं खाल्ली होती आणि ते डबकं समजून पुढे गेले होते, कारण तेव्हा सगळीकडेच पाणी होतं. आता चहूबाजूला पिवळं गवत, तापायला लागलेला काळा दगड आणि मधोमध हे एवढं पाणी. वाटाड्याने वर तरंगणारी पानं हाताने बाजूला सारली, माझी ओढणी मागून घेतली आणि बाटल्या गाळून भरून दिल्या. गार, दगडाची चव असलेलं पाणी.

किल्ला कसा चालत असेल ते मला इथे पहिल्यांदा कळलं. तट, बुरूज, दरवाजे आपण कौतुकाने बघतो. पण आधी ही टाकी. पाणी मुरणार नाही असा अखंड कातळ शोधायचा, त्यात खोदायचं, निघालेला दगड तटाला वापरायचा आणि पावसाच्या चार महिन्यांत जे साठेल त्यावर उरलेले आठ काढायचे. शिबंदी, म्हणजे गडावरची फौज, किती ठेवता येईल याचा हिशेब धान्याइतकाच या टाक्यांत होता.

शिडीच्या उजव्या हाताला थोडं खाली महादरवाजा आणि पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. दरवाजा पडलेला, देवड्या शाबूत. तिथे सावलीत बसून पोळी-भाजी खाल्ली. माहुली म्हणजे एक किल्ला नाही, तीन आहेत: उत्तरेला पळसगड, मध्ये माहुली, दक्षिणेला भंडारगड. निजामशाही शेवटची विझली ती इथे. दौलताबाद पडल्यावरही शहाजीराजांनी एका अल्पवयीन वारसाला निजामशहा म्हणून गादीवर बसवून राज्य चालवून दाखवलं. मागे मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा लागल्या, शेवटी त्यांनी माहुलीचा आसरा घेतला आणि १६३६ मध्ये वेढ्यापुढे गड सोडावा लागला. जिजाबाई आणि लहानगे शिवाजीराजेही तेव्हा गडावर होते असं सांगतात. पुढे महाराजांनी माहुली घेतली, १६६५ च्या पुरंदरच्या तहात ती गेली, आणि १६७० मध्ये परत घेताना पहिला हल्ला फसला. मनोहरदास गौड नावाचा राजपूत किल्लेदार होता, त्याने मराठ्यांची मोठी कत्तल केली. त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. फेब्रुवारीत फसला, जूनमध्ये आला. मी देवडीत बसून उगाच विचार करत होते, की जूनपर्यंत त्या टाक्यांत किती पाणी उरलं असेल. इतिहासात असं काही लिहून ठेवलेलं मला माहीत नाही, पण तहान लागली की असले प्रश्न पडतात.

भंडारगडाच्या टोकाला नवरा, नवरी आणि भटोबाचे सुळके. लग्न लावणारा भटजीही दगड होऊन उभा आहे, दक्षिणेची वाट बघत. तिथवर आम्ही गेलो नाही, ऊन वाढलं होतं. पण माथ्यावरून पलीकडे तानसा तलाव लख्ख दिसला. पावसाळ्यात तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता. १८९२ मध्ये बांधलेलं धरण, मुंबईला अजून पाणी देतंय. याच शहापूर तालुक्यात भातसा धरण, आणि भातसेचंच पाणी खाली पिसे गावाशी नदीतून उचलून आमच्या ठाण्याला येतं.

“आणि तुमच्या गावाला?” भाच्याने वाटाड्याला विचारलं.

“आमच्याकडं विहीर हाय. पण वरच्या पाड्यांना एप्रिलमदी टँकर.” त्याने हात करून दोन-तीन पाडे दाखवले. ते पाडे जिथे होते, तिथून तलाव दिसत असणार.

आमच्या सोसायटीची टाकी रोज सकाळी साडेसहाला भरून वाहते. वाहते म्हणून कुणीतरी ग्रुपवर लिहितं, आणि ते वाचून चार जण अंगठा दाखवतात. हे मी तिथे बोलले नाही.

उतरताना भाच्याच्या डाव्या बुटाचा तळ सुटला. पूर्ण नाही, पुढून अर्धा, मगरीच्या जबड्यासारखा. वाटाड्याने खिशातून सुतळी काढून बांधला. सुतळी खिशात का ठेवतोस असं विचारल्यावर म्हणाला, “शनवार-रविवारी दोन तरी बूट सुटतात.”

माहुलीला जाणाऱ्यांनी फेब्रुवारीतही सात वाजता चढायला सुरुवात करावी. अकरानंतर सोंडेवर सावलीचं नावही नाही. माणशी तीन लिटर पाणी न्या, टाक्यावर विसंबून राहू नका. जुने बूट असतील तर आदल्या दिवशी तळ हाताने ओढून बघा, डिंक उन्हाने सुटतो. आणि वाटाड्या घ्याच. आम्ही ८०० रुपये दिले, सुतळी त्यातच.

दुसरा दिवस: घरचा किल्ला

सकाळी जिना उतरताना गुडघ्यांनी निषेध नोंदवला. त्यामुळे शुक्रवारचा बेत एका मिनिटात रद्द. भाचा बूट घेऊन स्टेशनजवळच्या मोच्याकडे गेला. त्याने दोन्ही तळ शिवून दिले आणि वर ‘कंपनीचा माल आहे का?’ असं विचारून भाच्याचा अपमान केला. मग मामलेदार मिसळ. तिखट खाल्लं की गुडघे दुखायचे थांबतात असं नाही, पण त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

किल्ला बघायचा नेम मोडू नये म्हणून तिथून चालत ठाण्याच्या किल्ल्यावरून आलो. वरून म्हणजे बाहेरून, कारण आत मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकलेला. मी याच शहरात वाढले आणि कितीतरी वर्षं मला हा किल्ला आहे हे माहीतच नव्हतं, तुरुंगाची भिंत एवढीच ओळख.

भाच्याला त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट सांगितली. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या या कारभाऱ्याला इथे डांबलं होतं. पहारा सगळा गोऱ्यांचा, मराठी कुणालाच येत नाही. मग म्हणे एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणं म्हणायचा. गोऱ्यांना ते गाणं, आणि आतल्याला तो निरोप: घोडे कुठे आहेत, माणसं कुठे थांबलीत. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी भिंतीला भोक पाडून पावसाच्या रात्री निसटले. आणि याच भिंतींच्या आत १९ एप्रिल १९१० ला नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. कान्हेऱ्यांचं वय अठराच्या आसपास.

भाचा बराच वेळ भिंतीकडे बघत होता. मग म्हणाला, “मावशी, म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात मजबूत राहिलेला किल्ला हाच.” खरं आहे. वापरात असलेलं घर पडत नाही.

संध्याकाळी गुडघ्यांना तिळाचं तेल.

तिसरा दिवस: गोरखगड

कल्याणहून मुरबाडपर्यंत वेळेत पोहोचलो आणि पुढची देहरीची गाडी डोळ्यांसमोर गेली, कारण भाच्याला स्टँडवर चहा प्यायचा होता. मग म्हशापर्यंत सहा आसनी रिक्षात अकरा जण. माझ्या मांडीवर एका आजीबाईंची पिशवी, पिशवीत कोंबडी. पौषातली म्हशाची यात्रा आणि बैलबाजार महिन्याभरापूर्वी उरकला होता, पण रिक्षात अजून तोच विषय: कुणाची जोडी कितीला गेली, कुणी घोंगडं घेतलं, कुणाला फसवलं. देहरीत उतरलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. म्हणजे लवकर चढायचा वर लिहिलेला सल्ला मीच मोडला.

देहरीतून दोन सुळके दिसतात. मोठा गोरखगड आणि शेजारी अणकुचीदार मच्छिंद्रगड, गुरूच्या नावाचा. गोरखनाथांनी इथे साधना केली अशी श्रद्धा आहे. गुरू शिष्यापेक्षा लहान आणि चढायला अवघड, हे भाच्याचं निरीक्षण.

वाटेवर विचारपूस करायला एका घराशी थांबलो, तर ओट्यावर बसलेले काका एकदम नाक वर करून म्हणाले, “अत्तर कुणी लावलंय?” भाच्याने. अत्तर नव्हे, काखेत मारायचा फवारा. काकांनी त्याला बाजूला घेतलं, ओलं फडकं दिलं, मान-हात पुसायला लावले आणि शर्टही बदलायला लावला. वर कड्याला आग्या मोहळं लागलेली असतात. वास, धूर, आरडाओरडा यातलं काहीही त्यांना खपत नाही. या किल्ल्यांवर माणसं पडून जशी दगावतात तशी माशांनीही. तेव्हा हे वाचून जाणाऱ्यांनी सुगंध घरी ठेवावा, वर गाणी लावू नयेत आणि चूल-शेकोटी तर अजिबात नको. माशा उठल्याच तर तोंड-मान झाकून, पाऊल सांभाळत शक्य तितक्या लवकर लांब व्हा. पण कड्यावर आंधळं पळणं माशांपेक्षा वाईट.

जंगलातली चढण तासाभराची आणि बऱ्यापैकी सावलीची. पळस फुलायला लागला होता. मोहाच्या झाडांखालची जमीन गावकऱ्यांनी आधीच झाडून लख्ख ठेवली होती, फुलं पडायला लागली की वेचायला सोपं जावं म्हणून. मग कातळ सुरू होतो आणि त्यात खोदलेल्या पायऱ्या. एका ठिकाणी दरवाजा थेट कातळातून काढलाय, त्यातून वाकून जाताना आपोआप नमस्कार होतो. पायऱ्या उंच आणि झिजलेल्या. कोरड्यात त्या सुरक्षित, पावसाळ्यात मी इथे येणार नाही. हे कुणाला भित्रेपणाचं वाटलं तर वाटो.

आणि मग गुहा. या चार दिवसांतली सर्वात सुंदर जागा विचाराल तर ही. कड्याच्या पोटात खोदलेलं मोठं दालन, कातळातच राखलेले खांब, समोर अंगणाएवढी जागा, चाफ्याची झाडं आणि त्यापलीकडे थेट दरी. चाफ्याला एक पान नव्हतं, फांद्यांच्या टोकांना चार-चार फुलं तेवढी. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत पाठ टेकवली तर दगड थंडगार.

आत आधीच डोंबिवलीचे चार काका बसले होते. त्यांच्यातले सगळ्यात मोठे ७१ वर्षांचे. डबा उघडून त्यांनी आम्हाला न विचारताच खोबऱ्याच्या वड्या दिल्या. मग खिशातून छोटी डायरी काढली, पट्टी बांधलेली काठी घेतली आणि गुहेजवळच्या टाक्यांपाशी गेले. काठी बुडवली, वर काढली, ओला भाग पट्टीवर मोजला, तारीख टाकून लिहिलं. मला राहवलं नाही.

“काका, हे काय?”

“पाण्याची पातळी. बरीच वर्षं करतोय. जिथे जाईन तिथल्या टाक्यांची.” त्यांनी डायरी पुढे केली. गोरखगड, सिद्धगड, माहुली, राजमाची, प्रत्येकाचं पान. महिना, टाकं, किती बोटं, पिण्यालायक की नाही. एका ठिकाणी नुसतं ‘बेडूक’ असं लिहिलेलं. “हे उजवीकडचं पाणी प्या. तिकडचं मार्चात आटतं. आणि त्या पलीकडच्यात नका हात घालू, गेल्या वर्षी कुणीतरी साबण लावून अंघोळ केलीय.”

“याचं पुढे काय करणार?”

“काय करणार? मला माहीत असतं, कुठे पाणी आहे.”

भाचा त्यांच्याशेजारी जाऊन बसला. डायरीची पानं मोबाइलवर टिपून घ्यायची परवानगी मागितली आणि पुढचा अर्धा तास ७१ वर्षांचे काका आणि २६ वर्षांचा भाचा बोटांचे सेंटिमीटर करत बसले. मी चाफ्याखाली पाय पसरून बसले. समोर मच्छिंद्रगड, मागे आहुपे घाटाची भिंत, डावीकडे दूरवर नाणेघाटाचा खाचा. उद्या तिकडे जायचंय हे आठवून पाय आपोआप जवळ घेतले.

माथा अजून वर होता. शेवटचा टप्पा उघड्या कातळाचा, खोबण्यांत हात-पाय रोवून चढायचा, उजवीकडे काहीच नाही. काकांपैकी दोघे गेले, भाचा गेला, मी गेले आणि अर्ध्यावर थांबले. भीती वाटली. वरून भाच्याने हात पुढे केला. मी म्हटलं, हात नको देऊस, तूही येशील माझ्याबरोबर. पाच मिनिटं तिथेच दगडाला चिकटून उभी राहिले, मग गेले. वर महादेवाचं छोटंसं देऊळ, नंदी, आणि वारा. फोटोत मी हसतेय, पण हात बघा, नंदीला घट्ट धरलाय.

खाली देहरीत आल्यावर त्याच अत्तरवाल्या काकांकडे जेवलो. तांदळाची भाकरी, ओल्या वालाच्या दाण्यांची आमटी, सुकटीची चटणी, फोडलेला कांदा. भातकापणीनंतर त्याच ओलीवर वाल येतो, या भागात जानेवारी-फेब्रुवारीत दुसरं काही खाऊच नये. सकाळी जाताना सांगून ठेवलं तरच जेवण मिळतं, आयत्या वेळी नाही. परतीची गाडी किती वाजता, हेही सकाळीच विचारून घ्या आणि चहाचा मोह टाळा.

चौथा दिवस: नाणेघाट

आज गाडी चुकली नाही. कल्याणहून माळशेजकडे जाणारी पहिली गाडी, वैशाखरे मागे टाकलं की रस्त्यालगत नाणेघाटाची पाटी. तिथल्या एका घराबाहेर एक आजी अंगण सारवत होत्या. बाटल्या भरून घ्यायला थांबलो. त्यांनी हंड्यातून तांब्याने पाणी ओतलं, आणि कुठे चाललो ते ऐकून हात थांबवला.

“वरती जाताव? मंग येताना टाक्यातलं पानी आना माझ्यासाठी बाटलीभर. गोड असतं. लगीन होऊन आली तवापासनं गुरं घेऊन जायची मी तिथं रोज. आता गुडघं न्हाई ऐकत.”

भाच्याने ताबडतोब एक रिकामी बाटली वेगळी काढून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

वाट रुंद, गर्द झाडीतून, आणि वरच्या अंगाला दगड रचून बांधलेली. ही पायवाट नाही, हा महामार्ग आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळात इथूनच जुन्नर-पैठणकडे जायचा. बैलांच्या खुरांनी आणि माणसांच्या टाचांनी गुळगुळीत झालेले दगड अजून आहेत. समोर ‘नानाचा अंगठा’ नावाचा कडा सतत दिसत राहतो आणि जवळ येत नाही. पावणेतीन तास लागले.

घाटमाथ्याच्या अलीकडे ती गुहा. भिंतींवर वरपासून खालपर्यंत ब्राह्मी लिपी. राणी नागनिकेचा लेख, दोन हजार वर्षांहून जुना. सातकर्णी राजाने आणि तिने केलेले यज्ञ आणि प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा: गाई इतक्या, घोडे इतके, हत्ती इतके, कार्षापणं (तेव्हाची नाणी) इतकी. नुसते शब्द नाहीत, आकडे कोरलेत. भारतातल्या सगळ्यात जुन्या कोरीव अंकांत यांची गणना होते. भाचा मोबाइलच्या उजेडात ओळी न्याहाळत म्हणाला, “ही तर एक्सेल शीट आहे.” मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या. १८२८ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने लेखाची नोंद केली आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो वाचून अर्थ लावला. त्या लेखाखाली आपल्या आजच्या मंडळींनीही बदाम काढून नावं लिहिलीत. त्यांना वाचायला पंडित लागणार नाही.

गुहेच्या आसपास टाक्यांची रांग. डोंबिवलीच्या काकांनी सांगितलेलं टाकं सापडलं. भाच्याने काठी शोधली, बुडवली, मोजली आणि त्यांना लगेच निरोप पाठवायला गेला. रेंज नव्हती.

मग ती अरुंद नाळ, दोन्ही बाजूंना उभा कातळ, आणि वर पठारावर पाऊल ठेवलं. समोर दगडी रांजण, जकातीची नाणी यात पडायची असं सांगतात. आणि रांजणाला टेकून एक सुखी कुटुंब. बाबा चपलेत, आई साडीत, मुलगी आइसक्रीमची कांडी चाटत. घाटघरकडून, म्हणजे जुन्नरच्या बाजूने, गाडी थेट वर येते हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि घामाने निथळत, कपड्यांना कुसळं चिकटवून त्यांच्यासमोर उगवणं वेगळं. “तुम्ही खालून आलात?” बाबांनी विचारलं. “मुद्दाम?”

मुद्दाम. भाच्याने दोन आइसक्रीम घेतली. माझं जीवधन किल्ल्याकडे बघत खाऊन झालं. शेजारचा वानरलिंगी सुळका उन्हात चकाकत होता. पावसाळ्यात इथे धबधबा उलटा वर उडताना बघायला गाड्यांची रांग लागते. आज फक्त वारा होता आणि तोही खालून वरच येत होता, तापलेल्या कोकणातून. कठड्याशी उभं राहिलं की काल आपण ज्याला चिकटून थरथरत होतो तो गोरखगड दूर धुरकट निळ्या रंगात ओळखू येत होता. भाच्याने तो आधी ओळखला.

या वाटेला वाटाड्या नसला तरी चालतं, पाट्या आणि बाण आहेत. उतरायला मात्र दोनच्या आत लागा. झाडीत सावली असली तरी खालचा तासाभराचा सपाटीचा पट्टा उघडा आहे, आणि संध्याकाळी कल्याणकडे जाणाऱ्या गाड्या भरून येतात. उभं राहायची तयारी ठेवा.

उतरताना टाक्यावर थांबून ती वेगळी ठेवलेली बाटली काठोकाठ भरली, ओढणीतून गाळून. बाटली आता पिशवीत मावेना म्हणून भाच्याने ती हातातच धरली. खाली पोहोचायला चार वाजले. सकाळी सारवलेल्या अंगणात आता मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि आजी उंबऱ्यात बसून वाल सोलत होत्या. भाच्याने बाटली पुढे केली. त्यांनी हात पदराला पुसले, बूच काढलं, आधी थोडं पाणी तुळशीला घातलं, मग मान मागे टाकून दोन घोट प्याल्या. तोंडात फिरवले. आम्ही दोघं बघत उभे.

“उन्हातनं आनलीस नं हातात धरून?” त्या भाच्याला म्हणाल्या. “ऊन झालंय. टाक्यावर गार असतं.” बूच लावून त्यांनी बाटली आत माठाशेजारी नेऊन ठेवली आणि आतूनच विचारलं, “चा ठेवू का? गाडीला येळ हाय अजून.”